उभा दगड, आडवी पाणसळ

पूल, बिलियर्ड्स आणि स्नूकर हे तिन्ही खेळ ज्या टेबलावर खेळले जातात, ते पाहणाऱ्याला लाकडी वाटते आणि त्यावर ताणून बसवलेले हिरवे किंवा निळे कापड पाहिले की काहीसे मऊही वाटते. प्रत्यक्षात मात्र चांगल्या प्रतीच्या टेबलाच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग त्या कापडाखाली दडलेल्या दगडाचा असतो. त्यामुळे असे टेबल एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचे ठरले की कपाट किंवा पलंग हलवण्याचे आडाखे तेथे उपयोगी पडत नाहीत, कारण हलवायचा असतो तो दगड, आणि तोही असा की ज्याचा कोपरा उडाला किंवा ज्याला केसाएवढी चीर गेली तर उरलेल्या लाकडाला काही अर्थ राहत नाही. कोकणातील राजापूरसारख्या तालुक्यात, जेथे घरे उतारावर आहेत, वाटा पायऱ्यांच्या आहेत, पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो आणि बांधकामापासून कुंपणाच्या गडग्यापर्यंत सारे काही जांभ्याचे आहे, तेथे हा प्रश्न अधिकच कसोटी पाहणारा होतो.

या तीन खेळांत गोंधळ होऊ नये म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. बिलियर्ड्स हा तीन चेंडूंचा खेळ आहे, स्नूकर हा त्याच बारा फुटी टेबलावर पंधरा लाल आणि सहा इतर रंगांचे चेंडू मांडून पांढऱ्या चेंडूने खेळला जातो, तर पूल हा त्याहून लहान, सात ते नऊ फुटी टेबलावर क्रमांक घातलेल्या चेंडूंनी खेळतात. लंडनमधील टेबल बनवणारे जॉन थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास लाकडी फळ्यांऐवजी पाटीचा दगड वापरात आणला, त्यानंतर काही वर्षांत रबरी कडा आल्या, स्नूकरचा उगम १८७५ मध्ये जबलपूर येथील ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये झाला, आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून भारताचे पहिले जगज्जेते ठरले. टेबल हलवणाऱ्याला एवढा इतिहास पुरतो. त्याचे काम थर्स्टन यांच्या दगडापाशी सुरू होते.

पाटीचा दगड, म्हणजेच स्लेट, हा रूपांतरित खडक आहे. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी साचलेल्या बारीक चिखलाचा प्रथम शेल नावाचा गाळाचा खडक होतो, आणि पुढे भूगर्भातील दाबाखाली व उष्णतेखाली त्या खडकातील अभ्रकासारखी चपटी खनिजे एकाच दिशेने वळून बसली की त्याचा पाटीचा दगड बनतो. खनिजांच्या या एकदिश मांडणीमुळे छिन्नीचा योग्य जागी आघात होताच तो खडक पातळ, सपाट तक्त्यांच्या रूपाने दुभंगतो. भूविज्ञानात या गुणाला पाटन म्हणतात. पाटन हेच या दगडाचे वैभव आहे आणि तेच त्याचे मर्मस्थानही आहे. ज्या गुणामुळे त्याचे मोठे तक्ते निघतात, त्याच गुणामुळे कडेवर बसलेल्या ठोक्याने त्याचा पापुद्रा सुटतो. मात्र एकदा घासून समतल केल्यावर तो पाणी जवळजवळ पीत नाही, ऋतुमानाने फुगत नाही, लाकडासारखा पिळत नाही आणि शंभर वर्षांनंतरही तसाच राहतो. कापडाखाली लाकूड असते तर राजापूरच्या एका आषाढातच त्याचा नूर पालटला असता.

पूल टेबलांसाठी नावाजलेला दगड इटलीच्या लिगुरिया प्रांतातून येतो, आणि तेथील लावान्या या गावाच्या नावानेच इटालियन भाषेत शाळेतील फळ्याला लावान्या म्हणतात. मराठीतही दगडाला ‘पाटीचा’ हे विशेषण शाळेतील पाटीवरूनच चिकटले आहे. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या दोन भाषांनी या खडकाची ओळख अक्षरे गिरवणाऱ्या मुलाच्या हातातून करून घ्यावी, ही गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या टेबलांत वेल्समधील दगड आढळतो, तर अलीकडच्या टेबलांत ब्राझील आणि चीन येथील दगडही असतो. भारतात आंध्र प्रदेशातील मार्कापूर हे शाळेच्या पाट्यांसाठी ओळखले जाते. कोकणात मात्र हा खडक नाही. येथे सह्याद्रीचा काळवत्री, म्हणजे बेसाल्ट, आणि त्याच्यावर असंख्य पावसाळ्यांनी तयार केलेला जांभा, एवढेच दोन दगड लोकांच्या रोजच्या ओळखीचे आहेत.

जांभ्याविषयी येथे चार शब्द अधिक लिहिणे अस्थानी होणार नाही, कारण राजापुरात येणारे प्रत्येक टेबल अखेर जांभ्याच्या जोत्यावर उभे राहते. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात केरळातील अंगडिपुरम येथील अशाच दगडाला लॅटराइट हे नाव दिले, आणि ते लॅटिन भाषेतील विटेच्या नावावरून घेतलेले आहे. हे नाव चपखल आहे, कारण खाणीत असताना जांभा ओलसर व कापण्याजोगा असतो, आणि चिरा काढून उघड्या हवेत ठेवला की तो घट्ट होत जातो. पावसाच्या पाण्याने मूळ खडकातील विरघळण्याजोगी द्रव्ये वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे ठेवली, म्हणून त्याला तांबडा रंग आणि अंगभर पोकळ्या मिळाल्या. म्हणजे एक दगड चिखल दाबला जाऊन घडला आणि दुसरा खडक धुतला जाऊन घडला. एकात रंध्र सापडत नाही आणि दुसऱ्यात रंध्रावाचून जागा सापडत नाही. बारसू किंवा देवाचे गोठणे येथील सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उभे राहिले की ती भूमी क्षितिजापर्यंत सपाट भासते आणि प्राचीन माणसाने तेथे कातळशिल्पे का खोदली असावीत हेही उमगते. परंतु त्याच सड्यावर पाणी ओतले तर ते थांबत नाही, आपली उताराची वाट शोधत जाते. डोळ्याला दिसणारी सपाटी आणि पाण्याने मान्य केलेली सपाटी यांतील हे अंतर टेबल बसवताना पुन्हा समोर येते.

वजनाचा हिशेब प्रथम मांडला पाहिजे, कारण बहुतेक अपघात वजनाचा अंदाज चुकल्याने होतात. नऊ फुटी पूल टेबलाचा दगड सामान्यतः तीन तुकड्यांत असतो. प्रत्येक तुकडा सुमारे १४२ सेंटीमीटर लांब, ९० सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटर जाड धरला आणि दगडाची घनता पाण्याच्या पावणेतीन पट मानली, तर एका तुकड्याचे वजन ८८ किलोच्या आसपास भरते; आठ फुटी टेबलात ते सत्तरच्या थोडे वर राहते. बारा फुटी स्नूकर टेबलात पाच तुकडे असतात, त्यांची जाडी साडेचार सेंटीमीटरच्या घरात असते, आणि त्यांतील एकेक तुकडा पावणेदोनशे किलोपर्यंत जातो, म्हणजे नुसता दगडच नऊशे किलोच्या जवळ आणि लाकूड धरून संपूर्ण टेबल सव्वा टनाच्या पुढे. सात फुटी टेबलांपैकी काहींचा दगड एकसंध असतो. टेबल लहान म्हणून हे काम सोपे असे वाटते, पण सव्वाशे ते पावणेदोनशे किलोचा अखंड तक्ता अरुंद दारातून वळवणे हे तीन सुटे तुकडे नेण्यापेक्षा कठीण जाते. काही स्वस्त टेबलांत दगडाऐवजी लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेले एमडीएफ वापरतात. ते हलके असले तरी कोकणातील दमट हवेत फुगते, त्यामुळे असे टेबल एवढ्या लांब आणण्याचा खटाटोप करू नये हेच योग्य.

असे टेबल राजापूर तालुक्यात येते ते प्रामुख्याने मुंबईहून. मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतणारा चाकरमानी, जुन्या घराच्या आवारात नवा बंगला बांधणारे कुटुंब किंवा पर्यटकांसाठी निवासाची सोय करणारा व्यावसायिक ही मंडळी टेबल घेऊन येण्याचा विचार करतात, आणि त्यांतील अनेकांचा पहिला विचार पाच-सहा माणसे लावून टेबल आहे तसे उचलावे आणि ट्रकमध्ये चढवावे असाच असतो. या विषयात ठामपणे सांगण्यासारखी एक गोष्ट असेल तर ती ही, की दगडाचे टेबल अखंड उचलू नये. अखंड टेबल एका बाजूने उचलताच त्याचा सांगाडा पिळतो, दगडांमधील सांधे उघडतात, स्क्रूच्या भोकांभोवती ताण येतो, आणि पायांवर आडवा जोर पडून पाय मोडतात. टेबल हलवले जात नाही. ते जुन्या घरी उकलले जाते आणि नव्या घरी पुन्हा जन्माला येते. त्यामुळे या कामात प्रमुख माणूस हमाल नसून टेबल जोडणारा फिटर असतो, आणि मोबदला ठरवतानाही हाच क्रम ध्यानात ठेवणे हिताचे असते.

उकलण्याचा क्रम बसवण्याच्या नेमका उलटा असतो. प्रथम कातडी किंवा प्लास्टिकचे खिसे, म्हणजे पॉकेट, सोडवतात. नंतर खालच्या बाजूने बोल्ट काढून रबरी कडा बसवलेल्या लाकडी पट्ट्या उतरवतात. त्यानंतर कापडाच्या कडेचे बारीक स्टेपल एकेक करून उचकटतात. कापड पुन्हा वापरायचे असेल तर या कामात घाई चालत नाही, मात्र ते बरेच वापरलेले असेल तर नवीन घालणे श्रेयस्कर, कारण एकदा ताण सुटलेले कापड पुन्हा तितकेच घट्ट बसेल याची शाश्वती नसते. कापड निघाल्यावर दगडांच्या सांध्यांत भरलेले मेण दिसते, आणि दगड सांगाड्याला धरून ठेवणारे स्क्रू दिसतात. ते काढण्यापूर्वी प्रत्येक दगडावर, प्रत्येक पट्टीवर आणि सांगाड्याच्या प्रत्येक तुळईवर क्रमांक व दिशा लिहावी. राजापूरच्या बाजारपेठेत जुन्या दुकानांना लोखंडी शटरऐवजी उभ्या फळ्या असत, रात्री त्या खाचेत एकामागून एक सरकवत आणि प्रत्येक फळीवर तिचा क्रमांक घातलेला असे, कारण तिसरी फळी पाचवीच्या जागी बसत नसे. टेबलाच्या दगडांचेही तसेच आहे. ते एकमेकांच्या शेजारी ठेवून एकत्र घासलेले असतात, त्यांच्या कडांत पितळी खुंट्या व त्यांच्यासाठी भोके असतात, आणि अदलाबदल झाली तर सांध्यावर राहिलेली पायरी चेंडूला दर वेळी जाणवते.

आता दगड उचलण्याचा भाग. चार माणसांनी तक्ता आडवा धरून चालू लागावे हे सर्वांना स्वाभाविक वाटते आणि तेच सर्वांत घातक आहे. दगड दाब सहन करतो, ताण सहन करत नाही. आडव्या तक्त्याला दोन टोकांशी आधार दिला की त्याचे मधले अंग वाकू पाहते, खालचा पृष्ठभाग ताणला जातो आणि चीर तेथून सुरू होते, बहुधा स्क्रूच्या भोकापाशी. तोच तक्ता लांब कडेवर उभा केला तर वाकण्याला विरोध करणारी उंची अडीच सेंटीमीटरवरून नव्वद सेंटीमीटर होते, आणि गणिताने पाहता स्वतःच्या भारामुळे दगडात निर्माण होणारा ताण छत्तिसाव्या हिश्शावर येतो. हे गणित न शिकताही ओट्याचा कडप्पा विकणाऱ्यांना ते पक्के ठाऊक असते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी येणारा कडप्प्याचा तक्ता टेम्पोतून कधीही आडवा येत नाही. तो लाकडी घोडीला, म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारख्या उतरत्या चौकटीला, टेकून उभा येतो, उतरवणारी माणसे तो उभाच धरून घरात नेतात आणि ओट्यावर ठेवतानाच काय तो आडवा करतात. पूल टेबल हलवण्याचा अनुभव असलेला माणूस राजापुरात मिळाला नाही, तर कडप्पा-संगमरवर उतरवणारी माणसे शोधावीत. पेट्या आणि कपाटे वाहणाऱ्यांपेक्षा त्यांच्या हातांना या दगडाची भाषा लवकर कळते.

खरी परीक्षा गाडी थांबते तेथे सुरू होते. राजापूर परिसरातील अनेक वाड्यांमध्ये घरापर्यंत गाडीरस्ता पोहोचत नाही, शेवटचा टप्पा पाखाडीचा असतो. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली पायऱ्यांची गल्ली, दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये जेमतेम दोन माणसे जाण्याइतकी रुंदी, आणि पायऱ्यांची उंची एकसारखी असण्याची कोणतीही खात्री नाही. पाखाडी चढताना खालच्या माणसांच्या हातांवर वरच्यांपेक्षा अधिक भार येतो, म्हणून सर्वांत भक्कम जोडी खाली ठेवतात, एक माणूस हात रिकामे ठेवून पुढे चालतो व पायरी सांगत जातो, आणि ठरलेल्या अंतरावर दगड टेकण्यासाठी दोन लाकडी ठोकळे आधीच मांडून ठेवतात. टेकताना दगडाचा कोपरा कधीही आधी टेकवू नये, संपूर्ण कड एकाच वेळी लाकडावर उतरली पाहिजे. दगडाला नुसत्या हातांनी धरण्यापेक्षा रुंद पट्टे त्याच्या खालून घेऊन खांद्यावरून आणणे चांगले. सुंभाचा दोर वापरायचा असेल तर मध्ये गोणपाटाची घडी घालावी, कारण दोर कडेला काचतो आणि पाटनाचा पापुद्रा सैल करतो.

ओझे एकत्र वाहण्याची कोकणातील सर्वांत जिवंत परंपरा शिमग्यात दिसते. होळीसाठी रानातून तोडलेले उंच झाड गावकरी खांद्यावर घेऊन, फाका घालत, ढोलाच्या ठेक्यावर होळीच्या मांडापर्यंत आणतात, आणि उतारावर, बांधावर, वळणावर ते लाकूड ज्या सहजतेने वळते ते पाहिले की शेकडो किलोंचे ओझे ही अडचण नाही, पावले जुळणे ही अडचण आहे, असे वाटू लागते. मात्र या दोन ओझ्यांत एक मूलभूत भेद आहे. झाडाचे खोड लांब आहे, त्याच्याखाली वीस खांदे मावतात आणि एखादा खांदा निसटला तर उरलेले सावरतात. टेबलाच्या तक्त्याखाली चार माणसांहून अधिक जागा नसते आणि त्यातील एक निसटला तर सावरायला कोणी नसते. म्हणून शिमग्यातील उत्साह येथे कामाचा नाही, ताल मात्र कामाचा आहे. उचलणे, पाऊल टाकणे आणि टेकणे या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या शब्दावर झाल्या पाहिजेत.

राजापूरच्या इतिहासातही जड माल हलवण्याचा एक लांबलचक धडा आहे. हे गाव खाडीच्या आत वसलेले बंदर होते. इंग्रजांची वखार येथे १६४९ च्या सुमारास निघाली. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला असताना राजापूरचे इंग्रज कुलपी गोळे, म्हणजे आत दारू भरलेले फुटणारे गोळे, घेऊन पन्हाळ्याखाली गेले आणि त्याचा जाब म्हणून पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर स्वारी करून वखारीतील इंग्रजांना कैद केले. तो दारूगोळा सह्याद्रीच्या माथ्यावर कसा चढला असेल याचा विचार अणुस्कुरा घाटातून आज मोटारीने जाणाऱ्यालाही केल्याशिवाय राहवत नाही. समुद्राकडची बाजू त्याहून बोलकी आहे. खाडीत गाळ साचत गेल्याने मोठी गलबते जुन्या दगडी धक्क्यापर्यंत येऊ शकत नसत. ती काही मैल अलीकडेच थांबत आणि माल लहान होड्यांत फोडून गावापर्यंत आणला जाई. पुढे घाटावर जाणारा माल बैलांच्या पाठीवर चढे आणि गोणीच्या दोन्ही बाजू समतोल असल्याखेरीज तांडा हलत नसे. मालाचे भाग पाडणे आणि दोन्ही बाजूंना सारखे वजन देणे या दोन रीतींवर हे बंदर शतकानुशतके चालले, आणि टेबलाच्या दगडाला ट्रकमध्ये याच दोन रीती लागू पडतात.

ट्रकच्या तळाशी प्रथम लाकडी फळ्या, त्यांवर गोणपाट किंवा जुन्या घोंगड्या आणि मधोमध घोडी अशी मांडणी करतात. दगड घोडीच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाने, गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे करतात, म्हणजे चालकाने ब्रेक दाबला तर धक्का दगडाच्या लांबीतून जातो आणि वळणावरचा धक्का घोडी व दोर पेलतात. प्रत्येक दोन दगडांमध्ये मऊ थर असावा. आंब्याच्या पेट्यांत वापरला जाणारा पेंढा हा कोकणात सहज मिळणारा आणि धक्का उत्तम शोषणारा पदार्थ आहे, परंतु तो कोरडा असला पाहिजे. ओला पेंढा दबतो आणि मधली जागा सैल होते. रबरी कडांच्या पट्ट्या वेगळ्या गुंडाळून दगडांपासून दूर ठेवतात, त्यांवर काहीही रचत नाहीत, आणि त्यांना तेलाचा डाग किंवा उन्हाची तिरीप लागू देत नाहीत, कारण रबर एकदा कडक झाले की चेंडूची उसळी जाते. मुंबईहून येणारा ट्रक राष्ट्रीय महामार्ग ६६ ने येतो. कोल्हापूर किंवा पुण्याकडून येणाऱ्याला अणुस्कुऱ्याचा पर्याय असतो, पण तो पावसाळ्यात दरडींमुळे भरवशाचा राहत नाही. दसऱ्यानंतर रान वाळते तेव्हापासून मे महिन्याच्या मध्यापर्यंतचा काळ वाहतुकीला उत्तम. गणेशोत्सवाच्या आधीचा पंधरवडा मात्र काटेकोरपणे टाळावा, कारण तेव्हा त्या महामार्गावर पाऊसही असतो आणि गावी निघालेली सारी मुंबईही असते.

नव्या घरातील जागा टेबल निघण्यापूर्वी मोजलेली असावी. नऊ फुटी टेबलाचा खेळण्याचा पृष्ठभाग ५० इंच रुंद व १०० इंच लांब असतो आणि काठी, म्हणजे क्यू, सुमारे ५८ इंच लांब असते. चारही बाजूंना काठी मागे घेण्याइतकी जागा सोडली तर १४ फूट रुंद आणि १८ फूट लांब खोली लागते. स्नूकरला हेच माप १६ आणि २२ फुटांच्या आसपास जाते. कोकणी घराचे माजघर या मापात क्वचितच बसते आणि पडवीवर पावसाची झड येते, त्यामुळे जुन्या घरात टेबल बसवण्याचा हट्ट करण्यापेक्षा नव्या बांधकामात त्यासाठी खोली आखावी. वरच्या मजल्याचा विचार असेल तर निवासी घराच्या काँक्रीट स्लॅबसाठी आराखड्यात साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर एवढा चल भार धरतात हे लक्षात घ्यावे. पूल टेबल त्यात बसते, बारा फुटी टेबल आणि भोवतीचे खेळाडू मिळून मात्र त्या मर्यादेला भिडतात, म्हणून तेथे अभियंत्याचा सल्ला अटळ आहे. जुन्या लाकडी माडीवर दगडाचे टेबल ठेवू नये. राजापूर शहरात अर्जुना आणि कोदवली या नद्यांचा पूर जवाहर चौकापर्यंत येतो, त्यामुळे बाजारपेठेतील तळमजलाही या कामाला योग्य नाही.

तळमजल्यावर, जांभ्याच्या जोत्यावर बसवतानाही एक पथ्य आहे. नव्या जोत्यातील मातीचा भराव पहिल्या पावसाळ्यात खचतो आणि त्याबरोबर फरशीही कोठेतरी गुंजभर बसते. डोळ्याला ते दिसत नाही, पण चेंडूला दिसते. म्हणून नव्या घराने किमान एक पावसाळा पाहिल्यावरच टेबल बसवणे उत्तम; ते शक्य नसेल तर पाय टेकतात तेवढ्या जागी भराव काढून खालपर्यंत काँक्रीटचे ठोकळे भरावेत. तोपर्यंत दगड भिंतीशी, लाकडी पट्ट्यांवर, किंचित कललेले उभे ठेवावेत.

त्यानंतर पाणसळ बाहेर निघते. पाणसळ म्हणजे गवंड्याचे ते साधन, ज्याच्या काचेच्या नळीतील हवेचा बुडबुडा मध्यावर आला की पृष्ठभाग आडवा समतल आहे असे मानतात. गवंडी भिंतीसाठी ओळंबा वापरतो, कोपऱ्यासाठी गुण्या वापरतो आणि सपाटीसाठी पाणसळ वापरतो, आणि घरासाठी त्याची अचूकता पुरेशी असते. टेबलासाठी मात्र नाही. आंतरराष्ट्रीय पूल संघटनेच्या मानकाप्रमाणे टेबलाचा पृष्ठभाग लांबीच्या दिशेने अर्ध्या मिलिमीटरच्या आणि रुंदीच्या दिशेने पाव मिलिमीटरच्या आत समतल करता आला पाहिजे. साध्या लिहिण्याच्या कागदाची पाच पाने एकावर एक ठेवली की जी जाडी होते, तेवढाच फरक अडीच मीटर लांबीत क्षम्य आहे. म्हणून फिटर यंत्रशाळेतील सूक्ष्म पाणसळ वापरतो, जिचा बुडबुडा शेजारच्या माणसाने टेबलावर हात ठेवला तरी सरकतो.

या कामातील सर्वांत पाहण्यासारखा भाग हाच आहे. प्रथम रिकामा सांगाडा पायांचे स्क्रू फिरवून समतल करतात. मग मधला दगड ठेवतात, त्यानंतर दोन्ही बाजूंचे. मग दगड आणि सांगाडा यांच्यामध्ये पातळ पाचरी सरकवत, पाणसळ उभी, आडवी आणि कोनातून कोनात फिरवत, एकेक दगड आणला जातो. एका कोपऱ्यात पाचर सरकली की समोरचा कोपरा उतरतो, तो उचलला की मधला सांधा बोटाला लागतो. बोटाला, कारण सांध्यावरची पायरी डोळ्यापेक्षा नखाला आधी कळते, आणि अनुभवी फिटर सांध्यावरून नख ओढत असताना खोलीत कोणी बोलत नाही. दोन दगड एका पातळीत आले की स्क्रू आवळतात, आणि आवळल्यामुळे पातळी पुन्हा हलते, म्हणून पुन्हा पाणसळ, पुन्हा पाचर. तास-दीड तासात उरकणारे हे काम नव्हे; ते घाईने उरकणाऱ्याला पुन्हा बोलावणे टाळणेच बरे. शेवटी सांध्यांत वितळलेले मधमेण ओततात, ते थंड झाल्यावर पात्याने तासून दगडाशी एकजीव करतात. मधमेण सुमारे ६३ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे कोकणातील उन्हाळ्याची त्याला भीती नाही.

कापडाला मात्र आहे, आणि ती उन्हाची नसून दमटपणाची. टेबलाचे चांगले कापड लोकर आणि नायलॉन यांचे असते. लोकर हवेतील ओल शोषते, सैल होते आणि चेंडू मंदावतो. म्हणून कापड कोरड्या दिवसांत, शक्यतो डिसेंबर ते मार्च या काळात ताणावे, खोली पावसाळ्यात बंद करून ठेवू नये, वर आच्छादन घालायचे तर ते प्लास्टिकचे नसावे, कारण त्याखाली ओल कोंडते आणि बुरशी धरते. सांगाड्याच्या लाकडाला वाळवीपासून जपावे. पाय भिंतीला टेकू देऊ नयेत आणि जोत्याच्या कडेने मातीच्या बारीक नळ्या दिसू लागल्या की त्याच दिवशी उपाय करावा.

सर्व झाल्यावर पाणसळ बाजूला ठेवून अखेरची चाचणी चेंडूनेच करतात. ५७ मिलिमीटरचा एक चेंडू टेबलाच्या एका टोकाकडून इतक्या हळू सोडतात, की तो दुसऱ्या टोकाशी पोहोचता पोहोचता थांबावा. वेगात असलेला चेंडू टेबलाचे दोष झाकतो. थांबू लागलेला चेंडू ते उघड करतो, कारण शेवटच्या वीतभर अंतरात त्याला लोटणारे बळ जवळजवळ संपलेले असते आणि पृष्ठभागाचा अगदी किरकोळ कलही त्याला आपल्याकडे ओढतो. ही चाचणी चारही कडांना समांतर आणि दोन्ही कर्णांवर घ्यावी, आणि ती एकदाच घेऊन थांबू नये. पहिल्या पावसाळ्यात भिंतींनी पाणी प्यायल्यावर एकदा आणि भातकापणी उरकून हवा कोरडी झाल्यावर दुसऱ्यांदा त्याच रेषांवरून तोच चेंडू सोडून पाहावा, आणि तो जेथे वळेल त्या बाजूच्या पायाचा स्क्रू पाव फेरा फिरवावा.